पापणी आत वळणे व तिची शस्त्रक्रिया

पापणीची कड डोळ्याच्या दिशेने आत वळणे या विकाराला नेत्रवैद्यकात एन्ट्रोपियन म्हणतात. पापणीची कड जागेवर असूनही तिच्यावरील केस चुकीच्या दिशेने वाढून डोळ्यावर घासत असतील, तर त्या स्थितीला ट्रायकियासिस असे नाव आहे. व्यवहारात हे दोन्ही विकार पुष्कळदा एकत्र आढळतात आणि दोहोंचा परिणाम एकच असतो. प्रत्येक उघडझापीबरोबर केस बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे स्वच्छमंडलाला, ओरखडत राहतात. थेंब व मलमे यांनी जळजळ काही काळ शमते, परंतु वळलेली पापणी औषधाने सरळ होत नाही. म्हणून या विकारांवरील मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे.

मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरील झाकणासाठी आणि त्याच्या कडेवरील केसांसाठीही वापरला जातो. या लेखात झाकणाला पापणी व केसांना पापणीचे केस म्हटले आहे.

जगभर विचार करता या विकारामुळे येणाऱ्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा हा संसर्गजन्य रोग होय. त्यामुळे लेखाचा मोठा भाग खुपरीनंतर वरच्या पापणीवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी आहे. वार्धक्यात खालची पापणी आत वळते तिची कारणे निराळी असून तिच्यावरील शस्त्रक्रियाही निराळी आहे.

पापणीची रचना

शस्त्रक्रिया समजण्यासाठी पापणीचे दोन थर लक्षात घ्यावे लागतात. पुढच्या थरात त्वचा आणि तिच्याखालचा, डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू असतो. मागच्या थरात घट्ट तंतुमय ऊतींची पट्टी आणि तिला आतून चिकटलेले पातळ श्लेष्मल अस्तर असते. ही पट्टी पापणीला ताठपणा देते, म्हणून तिला पापणीचा सांगाडा म्हणता येईल, मात्र तिच्यात हाड वा खरी कूर्चा नसते. वरच्या पापणीतील पट्टी मध्यभागी सुमारे १० मिलिमीटर उंच असते, तर खालच्या पापणीतील तिच्या निम्म्याहून कमी उंचीची असते.

केस पुढच्या थराच्या कडेवर उगवतात आणि निरोगी पापणीत बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. दोन्ही थरांची लांबी व ताण यांचा मेळ असतो तोवर कड सरळ राहते. मागचा थर आखडला तर तो कडेला आत खेचतो. पुढचा थर आखडला, उदाहरणार्थ भाजल्याच्या व्रणामुळे, तर पापणी उलट बाहेर वळते. पापणीच्या बहुतेक शस्त्रक्रियांचे तर्कशास्त्र एवढ्याच गोष्टीवर उभे आहे.

डोळ्यावर होणारा परिणाम

जागेपणी माणूस मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी मिटतो. दिवसभरात ही संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. कडेवरचा एक ताठ केस बुबुळाला टेकत असला तरी तेवढ्या वेळा घर्षण होते. आरंभी डोळ्यात कण गेल्यासारखे वाटते, पाणी येते व उजेड सहन होत नाही. स्वच्छमंडलाचा वरचा पेशीस्तर सोलवटला की तेथे जंतूंना शिरकाव मिळतो आणि क्षत निर्माण होते. क्षत भरून येते, पण मागे पांढरा डाग राहतो, ज्याला बोलीभाषेत फूल पडणे म्हणतात. हा डाग बाहुलीसमोर आला की दृष्टी जाते.

गेलेली दृष्टी पापणीच्या शस्त्रक्रियेने परत येत नाही, ही या शस्त्रक्रियेची मर्यादा रुग्णाला आणि नातेवाइकांना आधीच स्पष्टपणे सांगावी लागते. पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने व पाणी थांबल्याने नजर किंचित सुधारू शकते. परंतु शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू वेदना थांबवणे आणि उरलेली दृष्टी राखणे हाच असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी जसा स्पष्ट फरक जाणवतो, तसा येथे जाणवेलच असे नाही. गावात शस्त्रक्रियेविषयी नाराजी पसरते ती बहुधा याच अपेक्षाभंगातून. डाग पडल्यानंतर नेत्ररोपणाचा मार्ग सैद्धांतिकदृष्ट्या उरतो, पण केस घासत असताना आणि डोळा कोरडा असताना रोपण टिकत नाही. त्यामुळे तेव्हाही आधी पापणीच दुरुस्त करावी लागते.

खुपरी आणि वळलेली पापणी

खुपरी हा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जीवाणूमुळे होणारा रोग आहे. तो हातांनी, अंथरूण-पांघरुणाने, सामाईक टॉवेलने तसेच डोळ्यांवर बसणाऱ्या माश्यांनी पसरतो. पाण्याची टंचाई, दाटीवाटीची वस्ती व शौचालयांचा अभाव असेल तेथे लहान मुलांना तो पुन्हापुन्हा होतो. एखाद्या वेळच्या संसर्गाने कायमची इजा सहसा होत नाही. मात्र बालपणभर संसर्ग होत राहिला तर वरच्या पापणीच्या आतील अस्तरावर व्रण साठतात, ते हळूहळू आखडतात आणि मागचा थर आखूड होतो. केस आत वळू लागतात ते बहुधा तिशी-चाळिशीत किंवा त्यानंतर. म्हणजेच संसर्ग मूल असताना झालेला असतो आणि त्याची किंमत प्रौढ वयात मोजावी लागते.

स्त्रियांमध्ये खुपरीजन्य अंधत्वाचे प्रमाण पुरुषांच्या चौपटीपर्यंत आढळते. याचे कारण शरीररचनेत नाही. संसर्ग झालेल्या मुलांची देखभाल घरोघरी स्त्रिया करतात आणि मोठेपणीही त्यांना तो वारंवार होत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ मध्ये खुपरीच्या अवस्थांची सोपी वर्गवारी प्रसिद्ध केली. तीनुसार एक केस जरी नेत्रगोलाला टेकत असेल, किंवा आत वळलेले केस नुकतेच उपटल्याच्या खुणा दिसत असतील, तरी ती व्यक्ती खुपरीजन्य ट्रायकियासिसची रुग्ण धरली जाते. पुढे ही व्याख्या वरच्या पापणीपुरती मर्यादित करण्यात आली, कारण खालच्या पापणीतील केसांना वार्धक्यासारखी अन्य कारणे असू शकतात. खुपरीच्या निर्मूलनासाठी संघटना चार उपाय एकत्र सुचवते: शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि पाणी व स्वच्छतागृहांसह परिसरसुधारणा. यांतील शेवटचे तीन पुढच्या पिढीला वाचवतात. ज्यांची पापणी आधीच वळली आहे त्यांच्यासाठी केवळ पहिला उपयोगी आहे.

इतिहास

डोळ्यात टोचणारे केस उपटणे हा उपाय लिखित इतिहासाइतकाच जुना आहे. इ. स. पू. १५५०च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ईबर्स पपायरस या इजिप्शियन ग्रंथात उपटलेले केस पुन्हा उगवू नयेत म्हणून लावायचे लेप दिले आहेत.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकाराला पक्ष्मकोप म्हटले असून त्याच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिला आहे. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. तेथील शस्त्रकर्माचे वर्णन आजच्या शल्यचिकित्सकालाही ओळखीचे वाटेल. भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून, डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जवाच्या दाण्याच्या आकाराचा त्वचेचा पट्टा कापून काढावा. कडा केसाने शिवाव्यात, मध व तूप लावावे, कपाळावर पट्टी बांधून टाक्यांचे दोरे तिला अडकवावेत आणि जखम सांधली की ते काढावेत, असा हा विधी आहे. दोरे कपाळाला बांधण्यामागचा उद्देश कड वर ओढलेली ठेवणे हाच असला पाहिजे. एवढ्याने गुण न आल्यास पापणी उलटवून अग्नी वा क्षार वापरण्यास सांगितले आहे.

सुश्रुताने पक्ष्मकोपाची गणना साध्य रोगांत केली नाही, असाध्य रोगांतही केली नाही. तो याप्य, म्हणजे उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा मानला आहे. केस पुन्हा आत वळण्याचा आजचा अनुभव पाहता हे निदान बरेच अचूक म्हणावे लागेल.

रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दोन पद्धती सांगितल्या आहेत. एक म्हणजे तापवलेल्या बारीक सुईने केसांची मुळे जाळणे आणि दुसरी पापणीच्या त्वचेचा पट्टा काढणे. पट्टा फार रुंद काढला तर डोळा मिटत नाही, हा इशाराही त्याने दिला आहे. त्वचेचा पट्टा काढण्याच्या या जुन्या पद्धतीत पुढचा थर आखूड करून मागच्या थराशी त्याचा मेळ घातला जात असे. व्रण मात्र मागच्या थरात असतो आणि तो तसाच राहतो. पट्टीलाच छेद देऊन कड बाहेर फिरवण्याच्या पद्धती एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत विकसित झाल्या.

केस उपटणे की शस्त्रक्रिया

चिमट्याने केस उपटण्याची सवय खुपरीग्रस्त भागांत घरोघरी दिसते. उपटलेला केस काही आठवड्यांत पुन्हा येतो. तो नीट मुळापासून न निघता मध्येच तुटला तर उरलेले आखूड, ताठ टोक लांब केसापेक्षा अधिक टोचते. चिमटा जुना असेल, हात थरथरत असेल, उपटणाऱ्याचीच नजर अधू असेल, तर असे तुटणे नेहमीचेच होते.

तरीही हा उपाय सरसकट टाकाऊ नाही. इथिओपियात सहापेक्षा कमी केस आत वळलेल्या रुग्णांचे दोन गट करून तुलना करण्यात आली. एका गटावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला चांगले चिमटे देऊन, केस उपटणाऱ्या नातेवाइकाला त्याचे शिक्षण देण्यात आले. दोन वर्षांनी विकार बळावल्याचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे २ टक्के, तर केस उपटणाऱ्यांत सुमारे १३ टक्के होते. मात्र दृष्टीत आणि स्वच्छमंडलावरील डागांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून थोडे केस असलेल्या आणि शस्त्रक्रियेस नकार देणाऱ्या रुग्णाला दर्जेदार चिमटा व नियमित तपासणी देणे हा समर्थनीय पर्याय ठरतो. केस अधिक असल्यास, स्वच्छमंडलाच्या मध्यावर ते घासत असल्यास किंवा पापणीची कडच वळली असल्यास शस्त्रक्रिया टाळणे धोक्याचे आहे.

विजेने अथवा अतिशीत उपकरणाने केसांची मुळे नष्ट करण्याच्या पद्धतीही आहेत. मोजके केस भरकटले असतील तेथे त्या उपयोगी पडतात. खुपरीत त्यांचे यश कमी, कारण एकीकडे मुळे जाळली तरी व्रण आखडतच असतो आणि शेजारचे केस आत येतात.

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया

खुपरीत वापरल्या जाणाऱ्या दोन मुख्य पद्धतींचे तत्त्व एकच आहे. कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर अंतरावर पट्टीला समांतर छेद द्यायचा, त्यामुळे केसांची अरुंद पट्टी सुटी होते, ती बिजागरीसारखी बाहेर फिरवायची आणि टाक्यांनी तशीच धरून ठेवायची. द्विस्तरीय पद्धतीत छेद त्वचेकडून सुरू होऊन पापणीच्या दोन्ही थरांतून आरपार जातो. पश्चस्तरीय पद्धतीत पापणी उलटवून आतील बाजूने फक्त अस्तर व पट्टी कापली जाते. त्वचा व स्नायू शाबूत राहतात. ही दुसरी पद्धत ट्राबूट यांच्या नावानेही ओळखली जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी दिव्याच्या उजेडात, भिंगातून दोन्ही पापण्यांची तपासणी होते. किती केस टेकतात, ते मध्यभागी आहेत की कोपऱ्यांत, पापणी पूर्ण मिटते का, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, याची नोंद होते. पुष्कळ अपयशांचे मूळ या तपासणीतच सापडते. डोळा वर-खाली व दोन्ही बाजूंना फिरवायला सांगितल्यावाचून कोपऱ्यांतील केस दिसत नाहीत.

रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागत नाही. लिग्नोकेन व ॲड्रिनॅलीन यांचे इंजेक्शन पापणीत दिले की ती बधिर होते आणि रक्तस्रावही कमी होतो. सुईची पहिली टोच हाच बहुतेकांना सर्वाधिक दुखणारा क्षण वाटतो. पापणी धातूच्या चिमट्यात वा पट्टीवर धरून ताणली जाते, त्यामुळे नेत्रगोलाचे रक्षण होते आणि छेद सरळ येतो. छेदाची लांबी येथे निर्णायक असते. तो पापणीच्या दोन्ही टोकांपर्यंत न पोहोचल्यास मध्यभाग फिरतो, कोपरे मात्र आतच राहतात. छेद कडेच्या फार जवळ गेला तर तेथून जाणारी धमनी दुखावते आणि कडेला रक्तपुरवठा कमी पडू शकतो. फार दूर गेला तर फिरवण्याजोगी पट्टी जड होते.

त्यानंतर सामान्यतः तीन टाके घालतात. ते अशा रीतीने घ्यायचे असतात की आवळताना कड बाहेर वळावी. शल्यचिकित्सक मुद्दाम किंचित अधिक वळण देतो, कारण जखम भरताना ते थोडे कमी होते. किती आवळावे हे पुस्तकातून शिकता येत नाही, ते हाताला सरावानेच कळते. शेवटी डोळ्यात प्रतिजैविक मलम घालून पट्टी बांधली जाते. एका पापणीला साधारण अर्धा तास पुरतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी होते. रेशमी टाके एक ते दोन आठवड्यांत काढले जातात. विरघळणाऱ्या धाग्यांचे टाके काढावे लागत नाहीत. इथिओपियातील तुलनेत दोन्ही धाग्यांच्या परिणामात फरक आढळला नाही. परत येणे ज्याला अवघड अशा दूरच्या रुग्णासाठी ही बाब किरकोळ नाही.

दोन पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद बरीच वर्षे चालला. १९९०च्या आसपास ओमानमध्ये झालेल्या तुलनांत द्विस्तरीय पद्धत इतर जुन्या पद्धतींपेक्षा सरस ठरली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. तेथे पश्चस्तरीय पद्धतीशी तिची गाठ पडली नव्हती. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इथिओपियातील १,००० रुग्णांवरील चाचणीत पडली. एका वर्षात केस पुन्हा टेकू लागण्याचे प्रमाण द्विस्तरीय पद्धतीत २२ टक्के, तर पश्चस्तरीय पद्धतीत १३ टक्के निघाले. तरीही एका पद्धतीत मुरलेल्या हाताला दुसरी शिकवण्याचा प्रश्न व्यवहारात उरतोच.

ही शस्त्रक्रिया केवळ नेत्रतज्ज्ञच करतात असे नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत नेत्रतज्ज्ञ मोजके आणि शहरांत असल्याने विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका व नेत्रसेवक ती आरोग्यकेंद्रात करतात. जिवंत पापणीवर हात चालवण्यापूर्वी सिलिकोनच्या पापण्या बसवलेल्या कृत्रिम मुखवट्यावर सराव करण्याची पद्धत अलीकडच्या काळात रूढ झाली आहे.

केस पुन्हा आत वळणे

या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे विकाराची पुनरावृत्ती. निरनिराळ्या अभ्यासांत तिचे प्रमाण फार वेगवेगळे आढळले आहे. काही ठिकाणी पहिल्या काही महिन्यांत दहांपैकी एका रुग्णात, तर काही ठिकाणी तीन वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत केस परत टेकू लागले. एवढ्या मोठ्या तफावतीचे स्पष्टीकरण केवळ रोगाने होत नाही. एकाच केंद्रातील, एकाच पद्धतीने काम करणाऱ्या दोन शल्यसेवकांच्या निकालांतही लक्षणीय अंतर आढळते.

लवकर होणारी पुनरावृत्ती, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांतली, बहुधा शस्त्रक्रियेतील त्रुटींमुळे असते: आखूड छेद, सैल टाके, अपुरे वळण. उशिरा होणारी पुनरावृत्ती प्रामुख्याने व्रण आखडण्याची क्रिया चालू राहिल्यामुळे होते. आरंभीच विकार तीव्र असलेल्यांत दोन्हींचा धोका अधिक असतो. शस्त्रक्रियेनंतर अझिथ्रोमायसिनची एकच मात्रा तोंडावाटे दिल्यास वर्षभरातील पुनरावृत्ती सुमारे एक तृतीयांशाने घटते, असे इथिओपियातील एका चाचणीत दिसले. हा उपाय स्वस्त व सोपा आहे.

पुनरावृत्तीखेरीज इतर गुंतागुंतींमध्ये कडेचा आकार ओबडधोबड होणे, वळण अतिरेकी होऊन पापणी उघडी पडणे, डोळा पूर्ण न मिटणे आणि छेदाच्या जागी लाल मांसल गाठ येणे यांचा समावेश होतो. गाठ सहज काढता येते. न मिटणारा डोळा मात्र केसांइतकाच घातक ठरू शकतो. दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, कारण ऊतींचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. तीन-सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची तपासणी करण्याची शिफारस याचसाठी आहे. किती शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा सहज मोजता येतो, पण किती पापण्या वर्षानंतर सरळ राहिल्या हे कळण्यास गावात पुन्हा जावे लागते.

वार्धक्यात खालची पापणी आत वळणे

खुपरी नसलेल्या प्रदेशांत, तसेच शहरी रुग्णालयांत, अधिक दिसतो तो वृद्धांच्या खालच्या पापणीचा विकार. येथे व्रण नसतो, ढिलेपणा असतो. वयपरत्वे पापणी आडव्या दिशेने सैल होते. तिला खाली ओढून धरणारे तंतू पट्टीपासून सुटतात आणि वर्तुळाकार स्नायूचा काही भाग वर सरकून कडेवर चढतो. डोळा घट्ट मिटून उघडायला सांगितल्यास कड आत गडप होताना दिसते. पापणी बोटाने पुढे ओढून सोडली असता ती नेत्रगोलावर चटकन परतत नसेल तर ढिलेपणाची खूण पटते.

तात्पुरता उपाय म्हणून गालाच्या दिशेने ताण देणारी चिकटपट्टी लावतात. स्नायूचा ताण हेच मुख्य कारण असेल तर बोटुलिनम विषाचे सूक्ष्म इंजेक्शन काही महिन्यांचा दिलासा देते. अतिशय थकलेल्या रुग्णाला खाटेवरच पापणीतून बाहेर वळवणारे दोन-तीन टाके घालता येतात. त्याला काही मिनिटे लागतात, परंतु नुसत्या टाक्यांनी विकार उलटण्याची शक्यता अधिक राहते. टिकाऊ दुरुस्तीसाठी सुटलेले तंतू पुन्हा पट्टीला जोडतात आणि पापणीचे बाहेरील टोक आखूड करून नेत्रखोबणीच्या कडेवरील हाडाच्या आवरणाला शिवून टाकतात. पापणी घट्ट करण्याची ही दुसरी क्रिया अँडरसन व गॉर्डी यांनी १९७९ मध्ये वर्णिली. ती खालची पापणी बाहेर वळलेल्या रुग्णांतही तितकीच उपयोगी पडते.

संबंधित विकार

पापणी बाहेर वळल्यास केस टोचत नाहीत, पण आतील अस्तर उघडे पडून सुकते आणि अश्रू गालावर ओघळतात. रुग्ण सतत डोळा पुसत राहतो व त्या पुसण्यानेच पापणी आणखी खाली ओढली जाते. कारण भाजल्याचा व्रण असेल तर कातडीचे रोपण करून पुढच्या थराची लांबी भरून काढावी लागते.

चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली तर डोळा मिटत नाही. कुष्ठरोगात ही इजा आणि स्वच्छमंडलाची बधिरता एकत्र येऊ शकतात, आणि तेव्हा परिस्थिती विशेष घातक होते. डोळा कोरडा पडून क्षत झाले तरी रुग्णाला वेदना होत नाही, त्यामुळे तो उपचारासाठी उशिरा येतो. पापण्यांची बाहेरील टोके अंशतः शिवणे हा यावरील साधा उपाय आहे. कानशिलावरील चर्वणस्नायूचा एक पट्टा पापण्यांपर्यंत आणून बसवण्याची शस्त्रक्रियाही कुष्ठरुग्णांवर केली जाते. तीनंतर रुग्णाला दात आवळून डोळा मिटण्याचा सराव करावा लागतो.

औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतून उद्भवणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन विकारात, तसेच चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने डोळा भाजल्यावर, अस्तराचे व्रण खुपरीपेक्षाही वेगाने वाढतात. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हाती लागून फुटणे हे भारतातील अशा इजांचे एक परिचित कारण आहे. या रुग्णांत केवळ कड फिरवून भागत नाही. ओठाच्या आतील अस्तराचा तुकडा घेऊन पापणीच्या कडेमागे बसवला जातो.

काही मुलांच्या, विशेषतः पूर्व आशियाई वंशाच्या मुलांच्या, खालच्या पापणीजवळ त्वचेची जादा घडी असते व ती केसांना उभे करते. चेहरा वाढतो तशी ती पुष्कळदा आपोआप नाहीशी होते, म्हणून स्वच्छमंडलाला इजा नसल्यास वाट पाहिली जाते.

शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार खुपरीमुळे अंध वा अधू दृष्टी झालेल्यांची संख्या सुमारे १९ लाख आहे. केस आत वळलेल्या रुग्णांची सर्वाधिक संख्या इथिओपियात आहे. शस्त्रक्रिया विनामूल्य असतानाही पुष्कळ जण ती करून घेत नाहीत. प्रवासाचा खर्च, सोबतीला माणूस नसणे, शेतीचा हंगाम, डोळ्यावर चाकू चालणार ही भीती, आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या शेजाऱ्याचा वाईट अनुभव ही त्याची कारणे होत. यांपैकी शेवटचे कारण आरोग्यसेवेच्याच हातातले आहे.

भारतात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात अशा कोरड्या व धुळीच्या पट्ट्यांत खुपरी एकेकाळी अंधत्वाचे प्रमुख कारण होती. १९६३ मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये तो राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावला गेला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने देश सक्रिय खुपरीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर २०२१ ते २०२४ या काळात २०० जिल्ह्यांत केस आत वळलेल्या रुग्णांचे स्वतंत्र सर्वेक्षण झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. आग्नेय आशिया विभागात नेपाळ व म्यानमारनंतर हा तिसरा देश ठरला.

या मान्यतेचा अर्थ रुग्ण उरले नाहीत असा नाही. निकषानुसार पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत आरोग्ययंत्रणेला माहीत नसलेल्या, केस आत वळलेल्या रुग्णांचे प्रमाण ०.२ टक्क्यांहून कमी असावे लागते, आणि नवे रुग्ण शोधून त्यांच्यावर उपचार करण्याची व्यवस्थाही दाखवावी लागते. ज्यांच्या अस्तरावर बालपणी व्रण पडले अशा व्यक्ती आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्यातील काहींचे केस अजून आत वळायचे आहेत. रुग्ण विरळ झाल्याने तरुण नेत्रतज्ज्ञांना ही शस्त्रक्रिया शिकताना पाहायलाही क्वचितच मिळते. पापणी उलटवून व्रण पाहण्याची सवय सुटली, तर वृद्ध रुग्णाच्या पाणावलेल्या डोळ्याला वर्षानुवर्षे थेंबच दिले जाण्याची शक्यता असते. त्यामुळे पूर्वी खुपरीग्रस्त असलेल्या जिल्ह्यांत मोतीबिंदूसाठी येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाच्या वरच्या पापणीची तपासणी करणे हा नवे रुग्ण शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.